सोयगावचा गोंद

पुंडलिक हिवराळेला अडलेला माणूस बघवत नसे. कोणी बोलता बोलता थबकलं, शब्दासाठी चाचपडू लागलं, की याचे ओठ आपोआप हलायचे आणि शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात पुढचा शब्द बाहेर पडायचा. पस्तीस वर्षं त्यानं नाटकाच्या विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर वही आणि हातात काचेला निळा कागद लावलेली बॅटरी धरून, शहरातल्या नटांना त्यांची वाक्यं पुरवली. नोकरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, पुस्तकं बांधायची. पण ओळख प्रॉम्प्टर म्हणूनच. नोकरी संपली, नाटकं संपली, सवय काही गेली नाही. पडेगावच्या विहारात एका लग्नात नवरदेव प्रतिज्ञा म्हणताना अडखळला, तर भंतेजींच्या आधी पुंडलिकनंच पुढची ओळ पुरवली आणि अख्खा मांडव हसला. तेव्हापासून त्याची बायको कडूबाई लग्नाकार्यात त्याला चिकटून बसते, आणि बोलणारा जरा थांबला की आधीच याच्या बरगडीत कोपर घालते.

तर असा हा माणूस, वय अडुसष्ट, हिरवा गाऊन आणि डोक्याला कागदी टोपी घालून जालना रोडवरच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात खुर्च्यांच्या रांगेत बसला होता. सकाळचे नऊ वाजले होते. रांगेत सहा जण, सगळे मोतीबिंदूवाले. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या वर कपाळाला प्रत्येकाच्या एक चिकटपट्टी लावलेली. करुणा सिस्टर हातात फॉर्म घेऊन एकेकाला विचारत पुढं सरकत होती.

"आजी, बीपी, शुगर, काही आहे का?"

शेजारच्या आजी विचारात पडल्या. पुंडलिकचे ओठ हलले. "म्हणा, शुगर हाय."

"शुगर हाय," आजी म्हणाल्या.

"तुम्हाला कसं माहीत, बाबा?"

"मघाशी लेकीला सांगत होत्या, शुगरची गोळी घरीच राहिली म्हणून."

करुणा हसली नाही, पण फॉर्मवरची नजर उचलून तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं. आता तुमचं तुम्ही सांगा. कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"औषधाची नाय. गोंदाची."

"गोंदाची?"

"नाटकात दाढीमिशी चिकटवायचा गोंद असतो, स्पिरिटचा. त्यानं एकदा मरता मरता वाचलो. सोयगावला. त्र्याऐंशी साली."

करुणाचं पेन थांबलं. रोजचे ठरावीक प्रश्न आणि ठरावीक उत्तरं ऐकणाऱ्या बाईला एखादं वेगळं उत्तर मिळालं की ती ते सहजी सोडत नाही. "मग पुस्तकं बांधताना? तिथं गोंद लागत नव्हता?"

"तिथं मैद्याची खळ. ती चालते."

"आणि डिंकाचे लाडू?"

"ते तर लई चालतात," मागून कडूबाई म्हणाली. "एका बैठकीला चार."

करुणानं फॉर्मवर लिहिलं, 'गोंद (नाटकाचा)', आणि पुढं सरकली. दोन पावलांवर जाऊन ती पुन्हा वळली आणि त्याच्या कपाळावरच्या पट्टीकडे बघत राहिली. मग पुढच्या माणसाकडे गेली.

आता पुंडलिकच्या डोळ्यांचं सांगायला हवं. उजवा डोळा आठ वर्षांपूर्वीच गेला होता. काचबिंदू. दुखलं नाही म्हणून दाखवलं नाही, आणि दाखवलं तेव्हा दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. राहिला डावा. त्यात मोतीबिंदू असा पिकला होता की कडूबाई समोर आली तरी तो तिला बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायचा. घरात कपाटभर नाटकांच्या वह्या होत्या, त्यानंच बांधलेल्या, कापडी पुठ्ठ्याच्या. दुपारी एक काढायची, मांडीवर ठेवायची, पानं उलटायची आणि पाठ असलेलं मनात म्हणायचं, एवढंच उरलं होतं. नीरजा मॅडम, म्हणजे डॉक्टर, पहिल्याच दिवशी सरळ बोलल्या होत्या. "काका, एकच डोळा आहे. तो बिघडला तर दुसरी संधी नाही. म्हणून मी काही गृहीत धरणार नाही, आणि तुम्ही काही लपवायचं नाही."

"नाय लपवत," पुंडलिक म्हणाला होता.

साडेनऊला करुणानं दोन्ही हातांना कोपराखाली बारीक सुई टोचली. उजव्या हाताला भुलीचं औषध, डाव्या हाताला अँटिबायोटिक. अगदी थेंबभर. सुई टोचल्या जागी मुगाएवढा फुगवटा आला आणि त्याभोवती तिनं निळ्या पेनानं गोल काढला. "हे वर्तुळाच्या आत राहिलं तर पास. वीस मिनिटं."

सतराव्या मिनिटाला पुंडलिक म्हणाला, "खाजू राहिलं."

कडूबाईनं वाकून बघितलं. उजवा गोल जसाच्या तसा होता. डाव्या हातावरचा फुगवटा निळी रेघ ओलांडून रुपयाएवढा झाला होता, आणि त्याच्यावर, कोपराकडे, लाल चट्टे उठत होते. एक, मग शेजारी दुसरा, मग मानेवर. करुणा आली, बघितलं आणि पळतच गेली. मग सलाइन, दोन इंजेक्शनं, बोटाला चिमटा लावलेलं मशीन, आणि एक तास पडून राहायचं. त्या दिवशी ऑपरेशन होणार नव्हतं, हे कुणी सांगायची गरज उरली नाही.

नीरजा मॅडम स्टूल ओढून जवळ बसल्या. "काका, थोडक्यात निभावलं. हे अँटिबायोटिक पेनिसिलिनच्या घराण्यातलं आहे."

"औषधांची पण घराणी असतात?"

"असतात. आणि एकानं त्रास दिला तर भावकीतला दुसराही देऊ शकतो. आता नीट आठवून सांगा. सोयगावला त्या दिवशी गोंदाशिवाय आणखी काही झालं होतं? गोळी, इंजेक्शन?"

"नाय," पुंडलिक म्हणाला.

न अडखळता, न थांबता. पाठ केलेलं वाक्य असतं तसं.

मॅडम विचारात पडल्या. "मग माझी पंचाईत आहे. अँटिबायोटिक मी बदलेन, दुसऱ्या घराण्याचं घेईन. पण ऑपरेशनच्या वेळी डोळ्याभोवती मी प्लास्टिकचा पडदा लावते, तो कातडीला चिकटतो. त्याच्यामागे गोंदच असतो. पापण्यांच्या केसांतले जंतू आत जाऊ नयेत म्हणून तो लागतो. गोंदानं जर तुमचा श्वास बंद पडला असेल, तर तो पडदा मला लावता येणार नाही. आणि पडदा न लावता, एकुलत्या एका डोळ्यावर, मी हात टाकणार नाही."

"म्हणजे ऑपरेशन नाय?"

"म्हणजे आधी सोयगावला काय झालं ते कळलं पाहिजे."

त्या गेल्या. कडूबाई उशाशी बसली होती. करुणा बोटाचा चिमटा तपासायला आली आणि सकाळपासून जिभेवर असलेलं अखेर बोललीच. "बाबा, एक विचारू? कपाळावर ही चिकटपट्टी दोन तास आहे. तिच्यामागे पण गोंदच आहे. तिथं तर एक पुरळ नाही."

"तो गोंद वेगळा असंल."

"असेल," ती म्हणाली. "पण हाताला झालं ते, आणि तेव्हा झालं ते, सारखंच वाटलं का तुम्हाला?"

पुंडलिक छताकडे बघत पडला. मानेवर अजून आग होत होती, कानाच्या खाली, कॉलर जिथं घासते तिथं. ती आग ओळखीची होती. बेचाळीस वर्षांत एकदाही आली नव्हती, पण ओळखायला क्षण लागला नाही, एखाद्या नटाचा आवाज अंधारात ओळखावा तशी. आणि ती आग पहिल्यांदा आली तेव्हा तोंडाला दाढी होती का? तो आठवायला लागला. आरसा आठवला. आरशात दाढी नव्हती.

"सिस्टर," तो म्हणाला, "मॅडमना बोलवा. माझं वाक्य चुकलं."

त्यानं मॅडमना सांगितलं ते असं.

त्र्याऐंशीचा एप्रिल. बाबासाहेबांच्या जयंतीचा प्रयोग घेऊन त्यांची मंडळी सोयगावला गेली होती. पुंडलिक सव्वीस वर्षांचा, आणि पहिल्यांदाच मोठी भूमिका: गावचा म्हातारा तराळ, ज्यानं जन्मभर गावाचे निरोप पोचवले आणि शेवटच्या अंकात एक निरोप पोचवायला नकार दिला. छातीपर्यंत दाढी. दोन महिने तालीम केलेली. आणि प्रयोगाच्या दोन दिवस आधी याला ताप, घसा धरलेला. दिग्दर्शक बद्रीनाथ सरांचा नियम कडक होता: ज्याचा आवाज बसला त्यानं प्रेक्षकांत बसायचं. गोकुळ नावाचा एक जण सगळी भूमिका पाठ करून विंगेत तयार बसलेलाच असे. तेव्हा पुंडलिकनं ताप लपवला. प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला, मंडळी ज्या शाळेत उतरली होती तिच्या मागच्या भिंतीवरून उडी मारून तो एसटी स्टँडजवळच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर चहाला गेलेले, कंपाउंडर एकटा. रबरी बुचाची बाटली, आत पांढरी भुकटी. त्यानं पाणी घातलं, हलवलं, टोचलं. म्हणाला, अर्ध्या तासात घोड्यासारखा पळशील.

पाऊण-एक तासात पुंडलिक जमिनीवर होता. ओठ सुजून उलटे, डोळे बंद, घशातून शिट्टी. मंडळींनी दाढी उपटून काढली. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरनं वाचवलं. शुद्धीवर आल्यावर त्या डॉक्टरनं विचारलं, काही औषध घेतलं होतं का? खाटेच्या पायथ्याशी बद्रीनाथ सर उभे होते. पुंडलिकनं मान हलवली. नाही.

"आणि तेव्हापासून नाही," तो म्हणाला. "मॅडम, खोटं बोलायचं म्हणून नाय बोललो. सगळे म्हणले गोंद, मला बी गोंदच वाटला. सुई तर बरं व्हायला घेतली होती. ती कशी मारंल? नंतर नंतर तर मी ती सुई विसरूनच गेलो."

कडूबाई त्याच्याकडे बघत होती. "मला बी नाय सांगितलं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली लग्नाला."

"लग्नाच्या आधीचं हाय ते."

"माझ्या आधी तुमच्या आयुष्यात एक सुई होती, एवढं सांगायला काय झालं होतं?"

करुणानं तोंड फिरवून घेतलं. नीरजा मॅडमना मात्र हसू आलं नाही. "आता दोन संशयित झाले. सुई आणि गोंद. अंगावर चट्टे कधी उठले? गोंद लागायच्या आधी की नंतर?"

"आधी. मला वाटतं आधी."

"वाटतं यावर नाही चालणार. तेव्हा जवळ कोण होतं?"

आयुष्यभर दुसऱ्याची वाक्यं पुरवणारा माणूस स्वतःच्या वाक्याला अडला. शेवटी कडूबाईनं कोपर मारलं नाही, नाव सांगितलं. "नाना."

सदाशिव वैजापूरकर, म्हणजे सदानाना, हे त्या मंडळींचे रंगभूषाकार. सिंचन खात्यात कारकून होते. संध्याकाळी ऑफिस सुटलं की सायकलच्या कॅरिअरला रंगाची पेटी बांधून कुठल्याही वस्तीत जायचे, कुठल्याही मंडळींना रंगवायचे, आणि चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. म्हातारा करावा तर नानांनी. गालावर चार रेघा अशा ओढायचे की पोराच्या तोंडावर त्याचा आजा यावा. सोयगावनंतर गावभर झालं, सदाचा गोंद वाईट. पुंडलिकनं कधी तसं म्हटलं नाही. पण म्हटलं नाही एवढंच. तोंडाला रंग लावायचं त्यानं कायमचं सोडलं आणि विंगेत जाऊन बसला. आणि नानांनी गोंद सोडला. दाढ्या दोऱ्यानं कानाला बांधायला लागले. त्या बोलताना हलायच्या. स्पर्धेत एकदा एका महाराजांची दाढी ऐन आवेशात गळ्यात आली, आणि नानांचं काम हळूहळू शाळांच्या गॅदरिंगवर आलं, मग तेही थांबलं.

पण दर संक्रांतीला नाना पडेगावला पुंडलिकच्या घरी यायचे. आधी सायकलवर, मग स्कूटरवर, आता सुनेच्या गाडीतून. तीळगूळ द्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. "पुंडलिक, श्वास कसा आहे?"

"चालू हाय, नाना," पुंडलिक म्हणायचा.

बेचाळीस वर्षं हा प्रश्न त्याला मायेचा वाटत आला होता. हॉस्पिटलातून घरी जाताना रिक्षात तो त्याला पहिल्यांदा वेगळा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नानांच्या घरी गेली. नाना ब्याऐंशीचे, हात थोडे थरथरणारे, पण धोतर इस्त्रीचं आणि बोटांची नखं स्वच्छ कापलेली, जणू आत्ता कोणी येऊन खुर्चीत बसेल आणि म्हणेल, नाना, मला म्हातारा करा.

"संक्रांत लांब आहे अजून," नाना म्हणाले. "बसा. डोळा झाला का?"

"नाय झाला. त्याचंच विचारायला आलो. म्हणजे आधी सांगायला आलो, मग विचारायला."

आणि पुंडलिकनं सांगितलं. मागची भिंत, कंपाउंडर, पांढरी भुकटी. मान हलवली ती. या वेळी त्यानं एकही शब्द गाळला नाही. नाना ऐकत होते, हात गुडघ्यांवर. सांगून झालं तेव्हा ते कडूबाईकडे वळले आणि म्हणाले, "बाई, जरा आतून पाणी आणता? सून बाजारात गेलीय."

पुंडलिकला नाही सांगितलं. पुंडलिकला ते कळलं.

पाणी पिऊन झाल्यावर नाना म्हणाले, "बेचाळीस वर्षं मी विचार करतोय, बाटलीत काय होतं. मुंबईहून आणलेली बाटली. दुकानदाराला पत्रं लिहिली मी. त्याच बाटलीतून दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताला लावून बघितलं, आठ दिवस. काही झालं नाही. तर म्हटलं, माझ्या कातडीला होत नाही, पोराच्या कातडीला झालं. आणि तू सुई टोचून आला होतास."

"व्हय, नाना."

"मला तरी सांगायचं. सरांना नाही, मला."

"तुमच्याच खुर्चीत बसलो होतो. सांगितलं असतं तर तुमी रंगवलं नसतं."

नानांनी मान हलवली. "नसतं रंगवलं." मग ते उठले, भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा हातात एक लांबट वही होती, लाल पाठीची.

प्रत्येक प्रयोगाचं, प्रत्येक चेहऱ्याचं नाना टिपण ठेवायचे: कुणाला कुठला रंग, किती वाजता लावला, घामात किती वाजता फुटला. कोणाचा चेहरा दुसऱ्या अंकात पुन्हा दुरुस्त करावा लागेल, हे त्यावरून ठरायचं. सोयगावनंतर या वहीत त्यांनी पान उलटलं नव्हतं. आता चष्मा नाकावर ओढून त्यांनी ते शेवटचं लिहिलेलं पान काढलं, आणि वाचायला लागले, आणि थांबले.

"काय, नाना?"

नाना वहीतच बघत होते. "तू सुई लपवलीस ना. मीही एक गोष्ट लपवली होती. तुझ्यापासून नाही. प्रेक्षकांपासून." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं. "'पुंडलिक. पाच पन्नास, अंगाचा रंग. सहा पाच, मानेवर, कानाखाली लाल चट्टे. घामोळं. जाड थर देऊन झाकले. सहा वीस, दाढी.'"

पुंडलिकचा हात आपोआप कानाखाली गेला.

"मी बघितले होते चट्टे," नाना म्हणाले. "एप्रिलचा महिना, पत्र्याची शाळा, मला वाटलं घामोळं. रंगवणाऱ्याला कातडीवर डाग दिसला की हात आपोआप ब्रशकडे जातो. झाकून टाकले. आणि मग इतकी वर्षं हेच खात राहिलं, की आधीच उठलेल्या कातडीला मी गोंद फासला. तेही कोणाला सांगितलं नाही."

"मंजे दाढी लागायच्या पंधरा मिनिटं आधीच," कडूबाई म्हणाली.

"पंधरा मिनिटं आधी. आणि रंग म्हणाल तर तोच रंग, तीन रंगीत तालमींत त्याच्या अंगाला लागलेला. ही बघा मागची पानं." नाना पानं उलटत गेले. आवाज जरा वर चढला होता. रागानं की कशानं, त्यांचं त्यांनाच कळत नसावं. "गोंदसुद्धा. आदल्या आठवड्यात दोनदा लागलाय. लिहिलेलं आहे इथं. माझ्याच अक्षरात. ट्रंकेत होतं."

पुंडलिकनं हात पुढं करून चाचपडत वहीवर ठेवला. त्याला त्यातली एकही ओळ दिसत नव्हती. "नाना, ही दोन दिवस नेऊ का? मॅडमना दाखवायची हाय."

नाना त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "ने. पण परत आण. आणि तू स्वतः आण, कोणाबरोबर पाठवू नको. वाचून आण."

नीरजा मॅडमनी वही वाचली तेव्हा करुणा त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचत होती. मॅडमनी एका कागदावर वेळा मांडल्या. सुई, चट्टे, दाढी, खाली पडणं. मग कागद पुंडलिकच्या डाव्या डोळ्याजवळ नेला, जणू त्याला दिसणारच आहे. "गोंद सुटला यातून. त्या पांढऱ्या भुकटीचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण त्या काळात, अशा घशाला, अशा बाटलीतून काय देत असत ते मला माहीत आहे. आणि तुमच्या हातानं परवा साक्ष दिलीच आहे. ते सगळं घराणं तुम्हाला आयुष्यभर बंद. हे कार्ड खिशात ठेवायचं, पाकिटात, कायम." तरी खात्रीसाठी त्यांनी चिकट पडद्याचा एक तुकडा कापून त्याच्या पाठीला दोन दिवस लावून ठेवायला सांगितलं. कडूबाई रोज सदरा वर करून बघायची आणि जाहीर करायची, "स्वच्छ. पाठ तेवढी म्हाताऱ्याची हाय."

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी झालं. भूलतज्ज्ञ शेजारी उभे, औषधं भरून ठेवलेली. पडदा तोंडावर आला, डोळ्याभोवती चिकटला, आणि पुंडलिक त्याखाली श्वास मोजत पडला. त्याला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा जास्त उत्सुकता होती. पडद्याच्या मागं बसायची सवय होती, पडद्याखाली पहिल्यांदाच. उजेड आधी पांढरा होता, मग निळसर झाला, मग त्यात रंगीत पाण्यासारखं काही हललं. कोणीतरी हळू आवाजात आकडे सांगत होतं आणि दुसरं कोणी तेच आकडे परत म्हणत होतं. इथं बी प्रॉम्प्टिंग हाय, त्याच्या मनात आलं.

"काका," मॅडमचा आवाज आला, "भिंग बसलं. आता शेवटचं औषध सोडते, डोळ्याच्या आत. दुसऱ्या घराण्याचं. खाज, आग, श्वास, काहीही वाटलं तर लगेच सांगायचं. ऑपरेशन बिघडेल म्हणून गप्प बसायचं नाही."

सगळे थांबले. मशीनचा टिकटिक आवाज तेवढा होता. करुणानं त्याच्या डाव्या हाताचं मनगट धरलं होतं आणि ती कातडीकडे बघत होती. पुंडलिकनं मानेकडे लक्ष लावलं, कानाखाली, जिथं कॉलर घासते. एक मिनिट. दोन. घशाकडे. ओठांकडे. छाती वर गेली, खाली आली.

"काका, काही होतंय?"

"नाय," पुंडलिक म्हणाला. मग त्याला वाटलं, हे वाक्य आधीही म्हणून झालंय, याच्यावर कोण विश्वास ठेवंल. "खरंच नाय, मॅडम. या बारीला खरं हाय."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. कडूबाई समोर उभी होती, बांगड्या न वाजवता, मुद्दाम. तो तिच्याकडे बघत राहिला.

"काय बघताय?"

"केस लई पांढरे झाले तुझे."

"इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नाय," ती म्हणाली.

दीड महिना डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नव्हतं. पुंडलिकनं त्या दीड महिन्यात थेंबांच्या वेळा सोडल्या तर एकच काम केलं. नानांची लाल वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तिची शिवण सुटली होती. त्यानं खळ शिजवली, पानं पुन्हा शिवली, पाठीला नवं लाल कापड लावलं. सोयगावच्या पानानंतर चाळीसेक पानं कोरी होती. ती त्यानं तशीच ठेवली.

वही परत द्यायला तो जाणार, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी नानाच पडेगावला आले. संक्रांत नव्हती. सुनेनं गाडीतून उतरवलं, सोबत पत्र्याची पेटी होती. आत आल्या आल्या नानांनी विचारलं, "गोंदाचं डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"डोळ्यापासून लांब ठेवा म्हणल्या, बाकी काही बी लावा."

"हात काढ."

पुंडलिकनं डावा हात पुढं केला. नानांनी पेटीतून एक नवी बाटली काढली. आदल्याच आठवड्यात मागवलेली. ब्रशचं टोक बुडवलं. त्यांचा हात थरथरत होता. पण ब्रश कातडीला टेकला तसा तो थांबला. रुपयाएवढा ठिपका. मग खिशातलं पेन काढून त्यांनी त्याभोवती निळा गोल काढला.

"हे तुमाला कुणी शिकवलं?" कडूबाईनं विचारलं.

"यानंच फोनवर सांगितलं. सिस्टरनं असं केलं म्हणून. वीस मिनिटं ना?"

वीस मिनिटं तिघं हाताकडे बघत बसली. कडूबाईनं चहा केला, तो नाना प्यायले नाहीत, निवला. एकदा पुंडलिक म्हणाला, "खाजल्यासारखं वाटतंय," आणि नानांचा चेहरा असा झाला की त्यानं लगेच सांगितलं, "माशी बसली होती, नाना." कडूबाई म्हणाली, "या वयात थट्टा करू नये माणसाची, मरंल तो."

घड्याळात वीस मिनिटं झाली. नाना पुढं वाकले आणि मग मागं सरकले. "माझा चष्मा जुना आहे. तू बघ. तुझा डोळा नवा."

पुंडलिकनं हात उजेडात धरला. निळी रेघ, एका जागी जरा तुटलेली. आत सुकून चमकणारा गोंद, त्यात अडकलेले दोन पांढरे केस, कातडीच्या बारीक सुरकुत्या. इतक्या बारीक गोष्टी त्याला कैक वर्षांत दिसल्या नव्हत्या. बाकी काही नव्हतं.

"काय बी नाय," तो म्हणाला.

"नीट बघ."

"नाना, काय बी नाय."

नानांनी पेटीतून पांढऱ्या केसांची एक मिशी काढली, जुनी, कागदात गुंडाळून ठेवलेली, आणि म्हणाले, "तोंड वर कर." वरच्या ओठावर गोंद लावला, फुंकर घातली, मिशी ठेवली, अंगठ्यानं दाबली आणि मनात आकडे मोजले. मग दोन बोटांत मिशीचं टोक धरून ओढलं. मिशीबरोबर पुंडलिकचा ओठ वर आला. मिशी हलली नाही.

"म्हातारा करायचं कामच राहिलं नाही," नाना म्हणाले. "तेवढं तू स्वतःच करून बसलास."

कडूबाईनं भिंतीवरचा आरसा काढून आणला. पुंडलिक आरशात बघत असताना नानांनी लाल वही जवळ ओढली, नवी पाठ बोटानं चाचपली, सोयगावचं पान उलटलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घातली. खाली लिहिलं: 'पुंडलिक. अकरा वीस, मिशी.' पेन तसंच कागदावर ठेवून त्यांनी विचारलं, "श्वास?"

"चालू हाय, नाना."

नानांनी तेही लिहून घेतलं.